टाकीतला उसासा

“कोई हिलेगा नहीं! साँस रोको!”

बापूंनी हात वर केला आणि शे-दीडशे माणसं जागच्या जागी गप्प झाली. मी मुद्दाम खोकले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले होते.

बडोद्यात गोत्रीच्या पुढे, नव्या सोसायट्या संपून रिकामे प्लॉट सुरू होतात तिथे, पत्र्याची एक शेड आहे. आत ना मूर्ती, ना समाधी. मधोमध सिमेंटचा चौथरा आणि त्यावर स्टँडला लावलेली एक मोटरसायकल, झेंडूचा हार घातलेली. शेजारी वाहनबापू. पांढरी सफारी, पायात रबरी चपला, कपाळावर बोटभर शेंदूर. जुन्या गाड्यांमधली भुतं उतरवणं हा त्यांचा व्यवसाय. व्यवसाय म्हटलेलं त्यांना आवडत नाही, ते सेवा म्हणतात. सेवेची दक्षिणा वेगळी.

“बोल भाई, कोण छे तुं?” बापूंनी गाडीच्या टाकीवर टिचकी मारत विचारलं. मग किल्ली फिरवली, टाकीचं झाकण अगदी हळू उचललं.

“फुस्स्स्स्...”

खरंच आवाज आला. थकलेल्या माणसानं सोडावा तसा लांब उसासा, आणि तो टाकीतूनच आला. बायकांनी तोंडाला पदर लावले. एक दाढीवाला गृहस्थ चक्क रडायला लागला.

“सांभळ्युं? ऐकलंत ने? नीकळ्यो! आत्मा नीकळ्यो!” बापू ओरडले, आणि लगेच डोळे फिरवून घोगऱ्या आवाजात मराठीत बोलायला लागले, कारण गाडीचा पहिला मालक मराठी होता. “मी... जनार्दन... माझा गाडी मला परत पायजे...”

आता मला सांगा, सारा जन्म बडोद्यात घरी मराठी बोललेला माणूस मेल्याबरोबर ‘माझा गाडी’ कसा म्हणायला लागतो? पण तिथे हे विचारणार कोण? उघड्या पेट्रोलच्या टाकीपासून दोन हातांवर अगरबत्त्यांचा जुडगा धुमसत होता, तोसुद्धा कुणाला दिसत नव्हता. एक ठिणगी उडाली असती तर शेडभर खरी भुतं झाली असती.

बापूंनी निकाल दिला. जनार्दन वाघोडियाच्या रस्त्यावर, जुन्या वडापाशी ट्रकखाली गेला. त्याचा जीव गाडीत अडकलाय. उतरवला तरी पुन्हा येणार. आता एकच उपाय. पुढच्या शनिवारी गाडी बापूंच्या चरणी सोडायची. नाहीतर तो त्या वडापाशी पोरीला घेऊन जाईल.

ती पोर माझ्या शेजारीच उभी होती. हेल्मेट छातीशी धरून, ओठ चावत. आणि तिचे वडील जगदेवराव, भरघोस मिशांचा सहा फुटी माणूस, हात जोडून लहान मुलासारखे मान डोलावत होते.

“देतो बापू, देतो. माझी एकुलती एक आहे.”

बापूंनी वाटीतला शेंदूर बोटांवर घेतला, झाकण लावून त्यावर जाड लेप दिला आणि बजावलं, “आ सील छे. पुसशो नहीं. पुसलात तर शनिवारपर्यंतसुद्धा थांबणार नाही तो.”

ही पोर म्हणजे शलाका, माझी विद्यार्थिनी. मी मंदाकिनी, नागरवाड्यात राहते, तीस-एक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. समोरच्याच घरात जगदेवराव आणि शलाका. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. भिंतीवर एक तलवार आहे, बाकी सगळं काळानं नेलं. शलाका कॉलेजात असताना तिची आई गेली. तेव्हापासून बापलेक एकमेकांच्या जिवावर जगतात, हे मी रोज समोरून बघते.

शलाकाला वाघोडियाच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली. सकाळी सातची पाळी. कंपनीची बस तिच्या पाळीला नाही, आणि रिक्षा बदलत बदलत गेलं तर आठ वाजतात. म्हणून गणपतीच्या सुमाराला तिनं स्वतःच्या पैशांनी जुनी मोटरसायकल घेतली. पोरीनं काय जपली ती गाडी! दर रविवारी फडकं घेऊन बसायची, चेनला तेल घालायची, ब्रेक स्वतः आवळायची. गल्लीतले लोक म्हणायचे, मुलीला स्कूटर शोभते. ती म्हणायची, “बाई, माझे पाय जमिनीला टेकतात, मग बाकीच्यांचं काय दुखतंय?”

दिवाळीपर्यंत गाडी छान चालली. दिवाळीनंतर ती बंद पडायला लागली, आणि तीही रोज एकाच जागी. वाघोडिया चोकडी, म्हणजे हमरस्त्यावरचा मोठा चौक, ओलांडली की पुढे रस्त्याच्या कडेला एक जुना वड आहे, तिथे. आधी खोकायची, मग गचके द्यायची, मग ठप्प. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू.

तीन गॅरेजं झाली. प्रत्येक मेकॅनिक सगळ्यात आधी काय करणार? टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का बघणार. बघितलं की किक मारणार, आणि गाडी पहिल्या किकला सुरू! “मॅडम, गाडी तो मस्त है.” तरी एकानं प्लग बदलला, एकानं कार्बोरेटर धुतला, तिसऱ्यानं सरळ सांगितलं, “इसमें मशीन का फॉल्ट नहीं है, कुछ और है. गोत्री जाओ.” म्हणजे शहाण्यांनी हात टेकले की वेड्यांचं फावतं ते असं.

त्यात एक दिवस गाडी वडाच्या अलीकडेच, ऐन चोकडीच्या मध्यावर बंद पडली. समोरून ट्रक. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून पोर वाचली. त्या दिवशी जगदेवरावांच्या तोंडचं पाणी पळालं आणि ते बापूंकडे धावले.

दरबारातून परत आलो तेव्हा ते माझ्याच ओट्यावर मटकन बसले.

“बाई, मला नका शिकवू. मी भित्रा नाही. पण आवाज तुम्हीही ऐकलात ना?”

“ऐकला. म्हणून तो जनार्दनचा होता कशावरून?”

“बापूंना नाव कसं कळलं मग?”

“तुम्ही रांगेत उभं असताना नारळ विकणाऱ्या त्यांच्या सेवकाला सगळी कथा सांगितलीत. गाडी जनार्दन म्हणून कुणाची तरी होती, गोत्रीत राहायचे, वडापाशी थांबते. मी कानांनी ऐकलं. त्याला ऐकायचंच होतं, तो नारळ विकतो तो काय हौस म्हणून?”

पण भीती वादात हरत नाही, ती नुसती जागा बदलते.

“दसऱ्याला तलवारीशेजारी गाडी उभी करून मी स्वतः पूजा केली, बाई. आमच्या घरचा टिळा माझ्या हातानं लावला. त्यातूनही हे आलं. म्हणजे किती जबर असेल ते! नको ती गाडी. नको ती नोकरी. घरात बसेल, पण असेल तरी.”

“आबा!” शलाका ओरडली. “घरात बसायला शिकलेय का मी? पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत. आता सोडली तर पुन्हा कोण घेणार?”

“शनिवारी गाडी जाणार. बस ने!” जगदेवराव उठले आणि समोरच्या घरात जाऊन दार लावून घेतलं. आजवर त्यांनी पोरीवर दार लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

शलाका माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कडक होता. “बाई, तुम्ही वर्गात म्हणायचात, माहीत नसेल तर जाऊन बघायचं. हा जनार्दन मेलाय हे बघितलंय कुणी?”

माझा जीव एवढा सुपाएवढा झाला! मी म्हटलं, “हेल्मेट ठेव. जाऊन बघू.”

गाडी तिनं एका दलालाकडून घेतली होती, पण जुन्या मालकाची सोसायटी तिला ठाऊक होती. गोत्रीतच, बापूंच्या शेडपासून पाच मिनिटांवर. आम्ही रिक्षानं गेलो. दुसऱ्या मजल्यावर बेल वाजवली आणि दार खुद्द भुतानं उघडलं. अंगात बनियन, हातात सेव-उसळीची वाटी.

“केम छो? कोण हवंय?” भुतानं विचारलं.

“जनार्दनराव?”

“मीच. या ना आत. ऊन आहे.”

मी आणि शलाका एकमेकींकडे बघून जे हसलो, ते बिचाऱ्याला कळेचना. सगळं ऐकल्यावर त्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “मेलेत? मग काल तीन पोळ्या जास्त कुणी खाल्ल्या?” जनार्दनरावांनी गाडी विकली होती ती गुडघे दुखायला लागले म्हणून. ट्रकबिक काही नाही. वाघोडियाला तर ते गेली कित्येक वर्षं फिरकलेलेच नव्हते.

“माझ्याकडे होती तोवर एकदाही अशी थांबली नाही, बेटा,” ते म्हणाले. “आणि मी मुंबईपर्यंत नेलीय ती. विकल्यानंतर तिला काहीतरी नवीन केलंय तुम्ही.”

हे वाक्य मी डोक्यात धरून ठेवलं. भूत जिवंत आहे हे कळलं, छान झालं. पण गाडी तरीही बंद पडतच होती, आणि त्याला कारण हवं होतं. चोकडीवरच्या ट्रकला भूत जिवंत आहे की मेलंय याच्याशी काही देणंघेणं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडीचा पदर खोचला, शलाकाच्या मागे बसले आणि आम्ही निघालो. हाडं खिळखिळी झाली, ते जाऊ दे. चोकडी ओलांडली. वड दिसायला लागला आणि गाडी खोकली. गचका. आणखी एक गचका. मग ठप्प. शलाकानं कशीबशी कडेला घेतली. शेजारून एक डंपर इतक्या जोरात गेला की माझा पदर उडाला, आणि जगदेवरावांना वाटणारी भीती पहिल्यांदा माझ्याही अंगावर आली. पोर रोज हे सोसत होती.

वडाखाली एक दगड शेंदूर फासून बसवला होता. दोन नारळही होते.

“हा कधी आला?” मी विचारलं.

“बापूंनी वड सांगितल्यानंतर. परवापर्यंत नुसता दगड होता.”

“आणि गाडी नेमकी इथेच थांबते?”

शलाका जरा विचार करून म्हणाली, “साधारण. कधी त्या पाटीपाशी, कधी पुढच्या वळणावर. पण सगळे वडच म्हणतात. आता मीही म्हणायला लागलेय.”

बघा. वडापाशी थांबली की चमत्कार, आणि वळणावर थांबली तर ती धरायचीच नाही! खरं एवढंच होतं की घरून निघाल्यावर ठराविक अंतर गेलं की ती थांबायची, आणि त्या अंतरावर वड होता.

“झाकण उघड,” मी म्हटलं.

शलाकानं किल्ली लावली. झाकण उचललं.

“फुस्स्स्स्...”

तोच उसासा. ना बापू, ना मंत्र, ना अगरबत्ती. आम्ही दोघी आणि रस्ता, एवढंच. शलाकानं झाकण लावलं, किक मारली. गाडी लगेच सुरू झाली. तिनं ती बंद केली आणि झाकणाकडे टक लावून बघत राहिली. झाकणावर बापूंचा लेप होता, आणि त्याच्याखाली जुना, कडक झालेला, विटकरी रंगाचा टिळा.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “तेलाचा डबा.”

“बोल.”

“तुम्ही सातवीत दाखवलं होतं. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, दुसरं पाडलं की धार लागते. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत.” तिनं झाकणावर बोट ठेवलं. “खाली इंजिन पेट्रोल ओढतंय. त्याच्या जागी वरून हवा यायला नको? झाकणाला किल्लीपाशी बारीकसं छिद्र असतं, पिन जेमतेम शिरेल एवढं. ते बंद झालंय.”

“कशानं बंद झालंय?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला कळायला वेळ लागला नाही.

त्यांच्या घरची रीत अशी. दसऱ्याला शेंदूर जवसाच्या तेलात खलायचा आणि तलवारीच्या मुठीवर जाड टिळा लावायचा. तो पुढच्या दसऱ्यापर्यंत पुसायचा नाही, त्यावर घरची पत टिकते म्हणे. यंदा जगदेवरावांनी तोच टिळा पोरीच्या गाडीला लावला, आणि गाडीचं कपाळ म्हणून टाकीचं झाकण निवडलं. आता जवसाचं तेल आणि शेंदूर! जुने नळवाले सांधे गळू नयेत म्हणून नेमकं हेच मिश्रण भरायचे. हळूहळू ते दगडासारखं घट्ट होतं. दसऱ्याला लावलेलं दिवाळीपर्यंत वाळलं, छिद्र बुजलं, आणि गाडी थांबायला लागली. शलाका दर रविवारी सगळी गाडी पुसायची, फक्त तो टिळा सोडून. मेकॅनिकही त्याला हात लावत नव्हते, देवाचं म्हणून. रात्रभरात कुठूनतरी थोडी हवा झिरपायची, म्हणून सकाळी गाडी शहाणी. झाकण उघडलं की हवा घाईनं आत घुसायची, तोच जनार्दनचा उसासा.

“खरवड इथेच,” मी म्हटलं.

“नाही बाई. आबांच्या हातचा आहे. चोरून पुसला तर ते म्हणतील, टिळा पुसला म्हणून भूत कुठेतरी दबा धरून बसलंय. मग मी रोज कामाला जाईन आणि ते रोज घरी मरत बसतील. शनिवारी त्यांच्यासमोर.”

पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली, हे मला त्या रस्त्यावर कबूल करावं लागलं.

शनिवारी शेड फुलून गेली होती. भुताची गाडी बापूंच्या चरणी जाणार, ही बातमी सेवकांनी बरोब्बर पसरवली होती. शलाकानं गाडी मुद्दाम लांबच्या वाटेनं आणली, आणि गोत्रीजवळ ती थांबली तेव्हा तिथून ढकलत आणली. लोक हळहळले. “बिचारीला इथपर्यंतसुद्धा येऊ देईना!”

मी आधीच येऊन शेडच्या मागे एक चक्कर मारून आले होते. बापूंच्या सेवकांच्या मोटरसायकली तिथे उभ्या होत्या. त्यांनाही शेंदूर होता, मडगार्डवर, हेडलाइटवर, नंबर प्लेटच्या वर. टाकीची झाकणं मात्र लखलखीत! जगदेवरावांनाही मी ती नुसती दाखवून आणली, कारण सांगितलं नाही. लबाड माणसाला छिद्र कुठे असतं ते पक्कं ठाऊक होतं. दक्षिणा घेऊन लोकांच्या गाड्यांची ‘शुद्धी’ करायची, म्हणजे छिद्र बुजवायचं. गाडी थांबली की लोक परत येतात. मग झाकण उघडून भूत काढायचं आणि पुन्हा बुजवायचं. रोगही यांचा आणि वैद्यही हेच.

बापूंनी डोळे फिरवले. “मी... जनार्दन...”

“जनार्दनकाका,” शलाका मोठ्यानं म्हणाली, “तुम्ही कसे गेलात?”

“ट्रक... वड... मी एकटा होतो... माझ्यामागे कोणी नाही...”

“अहो, कोणी नाही कसं?” गर्दीतून आवाज आला आणि जनार्दनराव उभे राहिले. “ही काय बायको शेजारी बसलीय! जरा सांभाळून बोला, घरी मला जायचंय.”

हशा पिकला. मला वाटलं, झालं, संपलं. पण माणसं इतकी सोपी असती तर मी शाळेत एवढी वर्षं घसा कशाला फोडला असता? बापू अर्धा क्षण चाचरले आणि लगेच गरजले, “शरीर इधर है! आत्मा टंकी में है! इसीलिए तो ये आदमी बीमार है! बोल भाई, घुटने में दर्द है के नहीं?”

“आहे,” जनार्दनराव प्रामाणिकपणे म्हणाले.

“जय हो!” शेड दणाणली. मघाशी हसणारेच सगळ्यात जोरात ओरडले. समोर जिवंत माणूस उभा असतानासुद्धा यांना त्याचं भूतच जास्त आवडतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शलाका मात्र चौथऱ्यावर चढली. एका सेवकानं अडवायला हात पुढे केला.

“हात लावशील तर बघ,” जगदेवराव म्हणाले. त्या आवाजात भिंतीवरची तलवार होती. सेवक मागे सरला.

“आबा, वर या,” शलाका म्हणाली. “त्या दिवशी चोकडीवर ट्रकसमोर गाडी बंद पडली, तेव्हा मला वाटलं मी गेले. ते जनार्दनकाकांनी केलं नाही. या टिळ्यानं केलं. याच्याखाली हवेचं छिद्र आहे, ते बुजलंय. तुमच्या हातचा आहे, म्हणून मी पुसलेला नाही. तुम्ही पुसा.”

“मत छूना!” बापू किंचाळले. “सील तोडशो तो छोकरी मरशे!”

जगदेवराव झाकणाकडे बघत होते. शलाकानं केसातला आकडा काढून त्यांच्यासमोर धरला.

“तुम्ही माझ्यासाठी लावलात ना, आबा? मग माझ्यासाठीच काढा.”

त्यांनी आकडा घेतला. बापूंचा ओला लेप निघाला, मग त्यांचा स्वतःचा टिळा खपली निघावी तसा तुकड्यातुकड्यांनी निघाला. त्यांनी आकड्याचं टोक छिद्रात घालून फिरवलं आणि काढलं. झाकण बंदच होतं. तरी बारीक आवाज सुरू झाला, “स्स्स्स्...”

शलाकानं हारातली झेंडूची एक पाकळी तोडली आणि छिद्रावर ठेवली. आवाज थांबला. पाकळी जागेवर घट्ट चिकटली, तिच्या मधोमध खळगा पडला.

“या, जवळ या, बघा!” ती लोकांना म्हणाली. “आत्मा बाहेर पडतो ना? मग पाकळी उडायला हवी. ही आत का ओढली जातेय? हा उसासा कुणी सोडत नाहीये. गाडी श्वास आत घेतेय.”

पुढच्या रांगेतल्या त्याच बाई, माझ्यावर डोळे वटारणाऱ्या, चौथऱ्यापाशी आल्या. पाकळी काढली, आवाज ऐकला. परत ठेवली, आवाज बंद. असं चार वेळा केलं. मग वळून त्यांनी नवऱ्याला विचारलं, “आपली स्कूटर पण अशीच थांबते ने?”

“हाच तर आत्मा परत आत गेला!” एक सेवक ओरडला.

तेव्हा जगदेवराव शांतपणे म्हणाले, “मग तुमच्या गाड्या आणा. मागे उभ्या आहेत त्या. मघाशी बाईंनी मला दाखवल्या. एकाच्याही झाकणावर सील नाही. तुम्हाला आत्म्याची भीती नाही वाटत?”

सेवकानं बापूंकडे पाहिलं. बापूंनी आकाशाकडे पाहिलं. मग दोन्ही हात जोडून डोळे मिटले. सेवकानं जाहीर केलं, “बापूंचं मौन सुरू झालेलं आहे!” इतक्या योग्य वेळी मौन लागलेला साधू मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. गर्दीतले दोघे-तिघे दक्षिणा परत मागायला पुढे सरसावले, तसे मौनी बापू मागच्या बाजूनं निघाले. त्यांची गाडी अर्थातच एका किकमध्ये सुरू झाली.

शलाकाची गाडीसुद्धा झाली. पण जगदेवराव चौथऱ्याच्या कडेवर बसले होते, हातात विटकरी खपल्या घेऊन. एवढा मोठा माणूस हुंदके देत होता.

“माझ्या हातानं, बाई. माझ्याच हातानं पोरीला ट्रकपुढे उभी केली मी.”

मी त्यांच्याशेजारी बसले. वाईट मलाही वाटत होतं, पण खोटं सांत्वन मला जमत नाही. “हो, तुमच्या हातानं,” मी म्हटलं. “पण तुम्हाला माहीत नव्हतं, आणि कळल्यावर तुम्हीच काढलंत. त्याला माहीत होतं आणि तरी तो लावत होता. दोघांना एका पारड्यात टाकू नका.”

शलाकानं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर ठेवलं. “चालो आबा, बसा मागे. वडापर्यंत जाऊन येऊ.” ते गेले, आणि वड मागे टाकून थेट वाघोडियाला चहा पिऊन आले.

आज शलाका त्या नोकरीत कायम आहे. गोत्रीची शेड बंद पडली. बापू आता दुसऱ्या गावी जेसीबीमधली भुतं काढतात असं ऐकते, आणि तिथेही रांग लागते म्हणे. ऐकून डोकं धरून बसावंसं वाटतं. यंदाच्या दसऱ्याला जगदेवरावांनी तलवारीशेजारी गाडी उभी केली, हार घातला, टिळा लावला, पण हेडलाइटच्या कडेला. मग खिशातून शलाकाच्या केसातला तोच आकडा काढला, झाकणाचं छिद्र साफ केलं आणि मला म्हणाले, “बाई, आता आमच्या घरी हीसुद्धा पूजाच.”

तेव्हा पूजा करा, हार घाला, मला काही म्हणायचं नाही. पण तुमची गाडी वाटेत थांबली आणि कुणी सांगितलं की आत कोणी बसलंय, तर हात जोडण्याआधी झाकण उघडा. आवाज आला तर एक पाकळी धरा आणि बघा, ती आत जाते की बाहेर उडते. बघायला दक्षिणा पडत नाही. न बघण्याची किंमत मात्र चोकडीवर उभी असलेली आपली पोर देते.